बिनपाटीचं बिऱ्हाड

लिनक्सच्या कर्नलमधल्या मॅक्रोंवर टिपणं लिहिणं हाही उद्योग असू शकतो, हे आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहायचा आणि जावईबापूंनी वर सूचना!" त्यांना काय सांगणार?

फंक्शन म्हणजे सभ्य बिऱ्हाड. दारावरच पाटी : आत पूर्णांकच यावा. मॅक्रोच्या दाराला पाटीच नाही. द्याल ते जसंच्या तसं आत चिकटवतो, तेही कंपायलर जागा होण्याआधी. 'एक वाढवून घ्या' म्हणून दिलेला आकडा आत दोनदा आला की दोनदा वाढतो! म्हणून डोक्यावर एक तिरकी रेघ, दोन फुल्या काढून, कोणाला आत सोडावं हे आम्हीच लिहायचं.

'कंटेनर ऑफ'चंच घ्या. खिडकीचा पत्ता द्या, हा वजाबाकी करून वाड्याचा पत्ता देतो. खिडकीची जात तो तपासतो. पण ती त्याच वाड्याची आहे का, हे विचारत नाही. चुकीचा पत्ता निघाला की कधीकधी अख्खं यंत्रच बसतं. शिवाय, 'कॉन्स्ट' म्हणजे हात लावू नये असं बजावून पत्ता दिलात, तरी ते बजावणं वाटेत गळतं. तसा इशारा त्याच्या टिपणात एका ओळीत दिलेला आहे. ती ओळ माझी नाही, याचं मात्र वाईट वाटतं.