बुधवारच्या दोन तासिका

सामायिक पाठनियोजन म्हणजे एका विषयाच्या किंवा जवळच्या विषयांच्या शिक्षकांनी शाळेच्या वेळेतच एकत्र बसून पुढचा पाठ रचणे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तासांचे काम सांगितले आहे आणि तयारीचे तास त्यातच धरले आहेत. शाळेच्या वेळापत्रकात मात्र या तयारीला चौकट नसते. रिकामी तासिका बदली तासात, ऑनलाइन माहिती भरण्यात किंवा पोषण आहाराच्या नोंदींत जाते. टाचण रात्री घरी लिहिले जाते आणि तेही एकट्याने.

प्रस्तुत लेखक गणित शिकवत होता त्या खेड्यातल्या उच्च प्राथमिक शाळेत एका वर्षी ही चौकट आखली गेली. बुधवारी शेवटच्या दोन तासिकांना सहावी आणि सातवीचे खेळ एकत्र घेतले, त्यामुळे गणित-विज्ञानाचे तिघे शिक्षक सत्तर मिनिटे मोकळे झाले. त्या वेळेत तिघांपैकी कोणालाही बदली तास द्यायचा नाही, अशी अट मुख्याध्यापकांनी स्वतःवरच घालून घेतली होती. सारी योजना या अटीवर टिकली, असे लेखकाचे मत आहे.

पहिला महिना चित्रफिती शोधण्यात गेला. शाळेत प्रोजेक्टर होता आणि तो वापरला जावा, एवढाच विचार त्यामागे होता. बारा-पंधरा मिनिटांची चित्रफीत मुले मन लावून पाहत, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर त्यांना रंग आणि आवाज आठवत, मुद्दा आठवत नसे. मग विज्ञानाच्या बाईंनी सुचवले की काय दाखवायचे हे ठरवण्याआधी, दाखवणे कुठे थांबवायचे आणि तिथे मुलांना काय विचारायचे, हे ठरवावे. तिथून नियोजनाला खरी सुरुवात झाली.

त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेचा पाठ हे त्याचे ठळक उदाहरण. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढून त्याचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोनांची मापे डोळ्यांसमोर बदलत जातात. आधीच्या वर्षी लेखकाने हा पाठ एकट्याने घेतला होता. मापे पूर्ण अंशांत दिसत होती आणि मध्येच पडद्यावर ६०, ६० आणि ५९ असे आकडे आले. एका मुलीने बेरीज १७९ होते असे सांगितले. संगणकाची चूक आहे, असे म्हणून लेखकाने शिरोबिंदू पुढे सरकवला. ते उत्तर खोटे होते. कोन ६०.४, ६०.४ आणि ५९.२ अंशांचे असतील तर बेरीज बरोबर १८० होते, पण प्रत्येक माप जवळच्या पूर्णांकात मांडले की ती १७९ दिसते. अशाच कारणाने कधी १८१ही दिसू शकते.

बुधवारच्या बैठकीत हीच जागा पाठाच्या मध्यावर आणायचे ठरले. आधी मुलांनी कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून एका सरळ रेषेवर जुळवायचे, मग पडद्यावर शिरोबिंदू ओढायचा, १७९ आले की थांबायचे आणि गटांनी कारण शोधायचे. शेवटी दशांश स्थळे वाढवून पडताळा घ्यायचा. वीज गेली तर मधला भाग कोनमापकाने करता येईल, हेही टाचणात लिहिले. कोनमापकानेही मुलांना १७८ किंवा १८२ मिळतातच, त्यामुळे मोजमापातल्या त्रुटीची चर्चा दोन्ही वाटांनी होते. हा शेवटचा मुद्दा बोलता बोलता निघाला. एकट्याने लिहिलेल्या टाचणात तो आला नसता.

पाठ एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने मागे बसून मुलांकडे पाहायचे, ही रीत जपानमधल्या शाळांत फार जुनी आहे. तिथे शिक्षक मिळून पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे पाहतात आणि मग चर्चा होते. इथे तिघांना ते महिन्यातून एकदाच जमले. तेवढ्यानेही पुष्कळ कळले. शेवटच्या बाकांवरून पडद्यावरचे अंश वाचता येत नाहीत, हे मागे बसलेल्या शिक्षकाच्याच लक्षात आले. त्यानंतर प्रत्येक गटातल्या एका मुलाने पुढे येऊन आकडे वहीत उतरवून न्यायचे ठरले.

दुसऱ्या सत्रात परीक्षा आणि इतर कामांमुळे चार-पाच बुधवार गेले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यातले काही तास शाळेतल्या अशा बैठकांसाठी धरले गेले, तर बुधवार वाचतील, असे तिघांनाही वाटत राहिले.

वर्षअखेरीला नऊ पाठ तयार होते. पुढे बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती त्यांच्या टाचणांची फाइल गेली. त्रिकोणाच्या टाचणाच्या समासात बाईंच्या अक्षरात लिहिले होते: बेरीज १७९ येईपर्यंत शिरोबिंदू हलवा, मग हात मागे घ्या.