उलाळ

बारावीनंतरच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘शेती’ असे लिहिले. आमच्या मालकीची गुंठाभरही जमीन नव्हती. आबा गावचे सुतार होते. माण तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाड्या यांची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य आणायचे, हा त्यांचा व्यवसाय. अर्जावर पालकांची सही हवी होती. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी एकेक रकाना सावकाश वाचला, एका ठिकाणी किंचित थांबले आणि काही न बोलता सही केली. त्याविषयी आम्ही दोघेही पुढे कधी बोललो नाही.

या गोष्टीला आता तीस वर्षे उलटून गेली. मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो आणि मोटारींच्या आराखड्यांचे काम करतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी घराच्या गॅरेजमध्ये मोटारीमागे जोडायची एक लाकडी गाडी बांधायला घेतली. बाजूने पाहिली तर आडव्या पडलेल्या थेंबासारखी दिसते, म्हणून तिकडे तिला ‘टिअरड्रॉप’, म्हणजे अश्रूचा थेंब, म्हणतात. पुढचा भाग गोलसर, मागचा उतरता. आत दोन माणसांना झोपता येईल एवढीच जागा. उभे राहता येत नाही. मागचे झाकण वर उचलले की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा.

या गाडीचा जन्म १९३० नंतरच्या मंदीच्या दशकातला. ज्यांना मोठी फिरती घरे परवडत नव्हती, त्यांनी ती आपल्या हाताने बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्तात मिळू लागला, तो तिच्या अंगावर चढला. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तिचे आराखडे छापले आणि पगारदार माणसेही सुट्टीच्या दिवशी करवत घेऊन अंगणात उतरली. तिच्या मापांमागे एक साधा हिशेब आहे. प्लायवूडचा तक्ता चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असतो. त्या एका तक्त्यातून गाडीची एक बाजू निघते. जे लाकूड मिळते त्याच्या मापाने वस्तू बेतायची, हा सुतारकीचा जुना नियम त्या आराखड्यातही होता.

काम सुरू झाले तसे शेजारी डोकावू लागले. कोणी कॉफी आणून देई, कोणी आपली हत्यारे. ‘तुम्ही हे स्वतःच्या हातांनी करता?’ असे ते आदराने विचारत. मला तो आदर आवडत होता आणि अवघडूनही टाकत होता. हेच काम आबांनी जन्मभर केले, तेव्हा त्यांना पाटलाच्या ओसरीच्या खालच्या पायरीवर बसावे लागे. माझ्या हातातला रंधा ही हौस होती. त्यांच्या हातातला रंधा ही जात होती. लाकूड तेच, घामही तोच. फरक एवढाच, की मला ते काम केव्हाही सोडून देता येत होते.

छपराचे पातळ प्लायवूड वाकवताना पहिला तक्ता काडकन मोडला. त्याच्या वरच्या थराच्या रेषा गोलाईच्या दिशेने धावत होत्या. त्या आडव्या हव्या होत्या. दुसरा तक्ता ओल्या फडक्यांखाली रात्रभर ठेवला आणि पट्ट्यांनी आवळत हळूहळू बसवला. लहानपणी आबांच्या शेजारी बसून मी वाकसाने उडणाऱ्या ढलप्या गोळा करी. ‘लाकडाची रेघ बघ, मग हात लाव’ असे ते म्हणत. ते ऐकूनही मी शिकलो नव्हतो, कारण सुतारकी शिकायची नाही हे मी फार लवकर ठरवले होते.

जूनमध्ये आम्ही पहिल्या प्रवासाला निघालो. मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत, तिथे दोन रात्री राहायचा बेत होता. पत्नी शेजारी, मुलगी मागच्या आसनावर. महामार्गावर वेग ताशी साठ मैलांपर्यंत गेला आणि मागची गाडी डुलू लागली. आधी थोडी, मग झोकांड्या खात. तिच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर मोटारीचा मागचा भाग ओढला जात होता. मुलगी किंचाळली. बाजूने मालमोटारी जात होत्या. ब्रेक न दाबता मी वेग उतरू दिला आणि कसाबसा रस्त्याकडेला थांबलो. माझे हात बराच वेळ थरथरत होते. तिथूनच आम्ही अगदी संथपणे घरी परतलो.

त्या रात्री गावी फोन केला. आबांचे वय आता ब्याऐंशी. मी सारे सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘सामान कुठं भरलं हुतंस?’’

‘‘मागं. स्वयंपाकाचं सगळं मागंच आहे, आबा. पाण्याची टाकी, बॅटरी, शेगडी.’’

‘‘मग उलाळ झाली की रं गाडी. बैलाच्या मानंवर वजनच न्हाई, म्हंजे ती बैलाचं ऐकंल कशी?’’

उलाळ! मागे जास्त भार झाला की बैलगाडीची दांडी वर उचलली जाते, तिला हा शब्द. मी तो पस्तीस वर्षांत उच्चारला नव्हता. मोटारीमागच्या गाडीचा नियम मला ठाऊक होता : एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. मी ते गणितही केले होते. पण ते रिकाम्या गाडीचे होते. हे सांगताच आबा म्हणाले, ‘‘गाडी भरल्यावर बघायची असती. रिकामी समद्यांचीच नीट चालती.’’

दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीच्या दांडीखाली घरातला वजनकाटा ठेवला. एकूण वजन ५४० किलो आणि पुढे भार अवघा २५ किलो. पाच टक्केसुद्धा नाही. मी आख चार इंच मागे सरकवला आणि बॅटरी मागून काढून दांडीवर आणली. काटा ६२ किलोवर आला. पुढच्या रविवारी रिकाम्या रस्त्यावर वेग वाढवत नेला. गाडी मोटारीमागून सरळ, मुकाट चालत राहिली.

संध्याकाळी आबांना फोन करून आकडे सांगितले. ते ‘हं’ म्हणाले. मग मी म्हणालो, ‘‘आबा, बारावीनंतरचा तो कॉलेजचा अर्ज... त्यात मी तुमचा धंदा...’’

‘‘ठावं हाय. म्या वाचला हुता.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मला वाटले, आता ते काही बोलतील. रागावतील किंवा माफ करतील. आबा म्हणाले, ‘‘आख सरकवलास न्हवं? थोडी चालवून झाली की नटं पुन्यांदा आवळायची. लाकूड बसतं, तसं लोखंडबी बसतं.’’

फोन ठेवून मी पाना घेतला आणि गॅरेजमध्ये गेलो. नट खरोखरच सैल झाले होते.