सोपी वाट

चालण्याचे मोल त्यात पडलेल्या कष्टांवरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. सिंहगड चढून आलेला गृहस्थ आठ दिवस आपल्या घामाचे वर्णन करतो. पर्वतीवर जाणारास निदान पायऱ्या तरी मोजता येतात. परंतु ज्या वाटेत चढ नाही, काटा नाही, चुकण्याचे भय नाही, तिच्याविषयी लिहावयाचे काय? तरीही अशाच एका वाटेने आमच्या मनात घर केले आहे.

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिव्हरपूलच्या उत्तरेस, फॉर्मबी नावाचे गाव आहे. आमची कन्या लिव्हरपुरास नोकरीस असते. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता मातोश्रींस घेऊन तिच्याकडे गेलो होतो. मातोश्रींचे वय 78. वडिलांच्या मागे त्या अलिबागेजवळ नागाव येथे एकट्याच राहतात. त्यांनी घराला कुलूप लावून आमच्याकडे पुण्यास यावे, असा आमचा तीन वर्षांचा आग्रह; आणि 'बघू' हे त्यांचे तीन वर्षांचे उत्तर.

साउथपोर्टकडे जाणाऱ्या गाडीने फ्रेशफील्ड स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे सुमारे मैलभर चालले, की पाइनचे बन लागते. बनात शिरताच मातोश्री थबकून म्हणाल्या, "अरे, हे तर आपले सुरूचे बन!" वनस्पतिशास्त्रास हे नाते मान्य होणार नाही. सुरू पाइनच्या कुळातला नव्हे. त्याची पाने म्हणून आपण जी समजतो, त्या त्याच्या बारीक डहाळ्या असतात. पण वाऱ्याचा तो लांबलचक सुस्कारा दोन्हीकडे एकच, आणि दोन्ही बने माणसाने लावलेली, तीही बहुतांशी वारा व वाळू अडविण्यासाठीच. फॉर्मबीची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील जमीनदारांनी लावली. त्या झाडांवर आज तांबड्या खारी नांदतात. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी इंग्लंडातून त्यांस बहुतेक हुसकून लावले आहे. येथेही 2008 साली एका साथीने त्यांचा मोठा संहार झाला, पण उरलेल्यांनी पुन्हा वंश वाढविला.

बन संपले की वाळूच्या टेकड्या. मॅरम नावाचे टोकदार गवत आपल्या मुळांनी ती वाळू धरून ठेवते, परंतु समुद्रापुढे त्याचेही फारसे चालत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील किनारा झिजत आहे. वर्षास सुमारे 4 मीटर भूमी जाते. टेकडी उतरून आम्ही पुळणीवर आलो, तेव्हा ओहोटीने पाणी दूर गेले होते आणि वाळूखालचा करडा, घट्ट गाळ एके ठिकाणी उघडा पडला होता. तेथे फिरावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बोट दाखविले, तेव्हा आम्हांस हरणांच्या खुरांचे ठसे दिसले. त्यांच्याशेजारी, बोटांसह स्पष्ट, मनुष्याचे एक पाऊल होते.

अशा ठशांपैकी सर्वांत जुने सुमारे 9000 वर्षांचे आहेत. माणसांबरोबर लांडगे, क्रौंचासारखे पक्षी, आणि ज्यांचा वंश 1627 साली पोलंडात संपला ते ऑरॉक्स नावाचे रानबैल येथे चालले. चिखल उन्हाने वाळला, त्यावर वाळू व गाळ यांचे थर बसले आणि पाऊल मिटण्याऐवजी मुरले. आता समुद्र ते थर उकलीत आहे. एकदा उघडे पडलेले ठसे भरतीच्या पाण्याने फार दिवस टिकत नाहीत.

मातोश्रींनी विचारले, "इतकी वर्षे राहिलं, ते आता धुऊन जायचं? एखादा बांध का घालीत नाहीत?"

आम्ही सांगितले, "बांध घातला तर समुद्र थांबेल, पण मग खालचे ठसेही कोणास दिसणार नाहीत. समुद्र खातो म्हणूनच ते वर येतात."

त्या क्षणभर त्या पावलाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे झाकून ठेवलं तर टिकेल, पण ते कुणाचं नाही."

बोलणे एवढेच झाले. मातोश्रींनी चपला काढल्या आणि ओल्या वाळूवरून, आमचा हात न धरता, पाण्याच्या दिशेने त्या बऱ्याच दूर चालत गेल्या. नागावास त्या रोज पहाटे अशाच जात असतील. ते आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांस पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर सुखरूप ठेवण्याचा आमचा बेत प्रेमाचाच होता, यात शंका नाही. बांधही प्रेमानेच घालतात.

पुण्यास परतल्यावर आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. मातोश्री नागावास गेल्या. आता दर रविवारी आम्हीच नागावची वाट धरतो. ती फॉर्मबीच्या वाटेइतकी सोपी नाही. पुण्याहून घाट उतरावा लागतो, आणि मनात काळजीही असते. परंतु जे माणूस आपल्याला हवे आहे, ते जेथे चालते आहे तेथे आपण जावे, एवढे त्या सोप्या वाटेने आम्हांस शिकविले.