कोथिंबीर वडीतले शेंगदाणे

आमच्या शरीररचनाशास्त्र विभागात मामांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. हिस्टॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं ते मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनच्या चकत्या कापत आले होते. पॅराफिनची रिबन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती निघेपर्यंत थांबायचं आणि अंड्याचा पांढरा बलक चोळलेल्या काचपट्टीवर अलगद उचलायची. तेवढ्यापुरता पंखा बंद. मी बोलत असले तर मीही बंद.

१९९७ साली मी एका परदेशी नियतकालिकाला पेपर पाठवला. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं एक मूत्रपिंड काढलं की उरलेलं वाढतं, हे जुनंच. त्या वाढलेल्या मूत्रपिंडात सूक्ष्मदर्शकाच्या दर फील्डमधले ग्लोमेरुलाय, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, मी मोजले, ते कमी भरले, आणि 'ग्लोमेरुलाय नष्ट होतात' असं ठोकून दिलं. पेपर साभार परत. परीक्षकाचं म्हणणं दोन ओळींचं होतं: फील्डमधली संख्या म्हणजे अवयवातली संख्या नव्हे, डायसेक्टर वापरा.

मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खरं तर ती पद्धत १९८४ सालीच 'जर्नल ऑफ मायक्रोस्कोपी'त छापून आली होती, डी. सी. स्टेरिओ या नावानं. या नावाचा माणूसच नव्हता. 'डायसेक्टर'ची रोमन अक्षरं फिरवून केलेलं ते टोपणनाव. १९९६ साली 'जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'नं तर पेशी मोजण्याच्या अशा निःपक्षपाती पद्धतींचा आग्रह धोरण म्हणून जाहीर केला. आमच्या वाचनालयात यातलं काहीच येत नसे.

पेपर परत आला त्या दुपारी मी चिडचिड करत बसले होते. मामांनी डबा पुढे सरकवला. कोथिंबीर वड्या, अजून न तळलेल्या.

"मॅडम, एका वडीवरून सांगा, अख्ख्या उंड्यात शेंगदाणे किती?"

मी दिसले तेवढे मोजले. त्यांनी शेजारची वडी तिला चिकटवून दाखवली. दोन्हींवर एकाच दाण्याची तोंडं. "हा दोनदा मोजलात. आणि आमच्या हिनं सोडा जास्त घातला, उंडा फुगला, तर वडीमागे दाणे कमीच दिसणार. म्हणून काय दाणे पळाले?"

माझा अख्खा पेपर त्या सोड्यात फुगला होता.

स्टिरिऑलॉजी, म्हणजे चकत्यांवरून अख्ख्या अवयवाचं मोजमाप, हा शब्द मामांनी कधी ऐकला नव्हता. पण आम्ही मूत्रपिंडाची मधली, दिसायला सुबक चकती घेऊन बाकीचं टाकायला निघालो होतो, तेव्हा त्यांनी प्रत्येक उंदराचे उरलेले तुकडे मेणात बसवून, नंबर घालून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. ते नसते तर सगळा प्रयोग पहिल्यापासून करावा लागला असता. त्यांवरून आम्ही नव्यानं मोजणी सुरू केली. मेणाच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठून सुरुवात करायची हे माझ्या डोळ्यांवर सोडायचं नव्हतं. मामा खिशातली नोट काढत आणि तिच्या नंबरातला शेवटचा आकडा धरत. मग पहिली चकती आणि पाचवी, शेजारी शेजारी. पहिलीत आहे आणि पाचवीत नाही, तोच ग्लोमेरुलस मोजायचा. दोन्हींत दिसला तर सोडून द्यायचा.

तीन महिने गेले. एक मूत्रपिंड काढलेले आणि न काढलेले, अशा दोन्ही गटांतल्या उंदरांत दर मूत्रपिंडामागे आकडा ३०,०००च्या आसपास आला. कमी काहीच झालं नव्हतं. ग्लोमेरुलाय तेवढेच होते, फक्त थोराड आणि एकमेकांपासून लांब गेलेले. माणसाच्या मूत्रपिंडांची अशीच मोजणी १९९२ साली डेन्मार्कमध्ये झाली होती: ३७ मूत्रपिंडं, सरासरी ६,१७,०००. ती मी नंतर वाचली.

आता मीच परीक्षक म्हणून पेपर तपासते. 'स्टिरिऑलॉजी वापरली' हे वाक्य हल्ली गंड्यासारखं पुष्कळांच्या मनगटावर असतं. चकत्यांत अंतर किती, जोड्या किती, सुरुवात कशी ठरवली, यातलं मात्र एक अक्षर नाही. मी विचारते तेव्हा काहींना राग येतो. येऊ दे.

तो पेपर पुढे छापून आला. त्यावर चार नावं आहेत, त्यात मामांचं नाही. शेवटी आभारात 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' एवढं आहे, आणि ते मीच लिहिलेलं आहे.