गंज आणि घसारा

बीडमधील एका कापड व्यापाऱ्याच्या अंगणात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यामुळे दिवंगत आजोबांना ही मोटार घरचीच वाटे. खातेवहीत मात्र घसारा लागता लागता तिचे मूल्य नाममात्र उरले होते. ती भंगारात द्यावी, असे नातवाचे मत. आजींना कुंथलगिरीच्या दर्शनाला त्याच मोटारीतून जायचे होते.

अडचण खरी होती. ब्रेक लावताच मोटारीचा मागचा भाग एका बाजूला ओढला जाई. मिस्त्रींनी चाक काढून दोष दाखविला. पाट्याच्या डोळ्यातील बुशाचे रबर फाटले होते आणि त्यावरचे लोखंडी कवच गंजून डोळ्यात घट्ट रुतले होते. काळ्या मातीचा चिखल चाकामागे साचून ओल धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो जितका वाढतो, तितकी पकड आवळत जाते.

नातवाने घण उचलला. मिस्त्री म्हणाले, "धाकटे शेठ, बुश बाजारात मिळेल, डोळा फाटला तर हा पाटा कुठून आणायचा?" गॅसची ज्योतही त्यांनी नाकारली, कारण आचेने पोलादाचे पाणी उतरते.

दोन रात्री गंज सोडविणारे तेल मुरू दिले. पाटा उतरवून ड्रिलने रबर पोखरले, आतली नळी काढली. मग हॅक्सॉचे पाते आत घालून, डोळ्याला ओरखडाही न येऊ देता, कवचाला उभी चीर दिली. छिन्नीने कडा आत वळविताच ते हलक्या ठोक्याने निघाले.

नवा बुश बसताच नातू नट आवळू लागला. मिस्त्रींनी थांबविले. मोटार जॅकवर असताना नट आवळला, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. आधी चाकांवर भार येऊ द्यावा.

त्या संध्याकाळी मोटारीच्या कप्प्यात आजोबांची लहान वही सापडली. दर पावसाळ्यानंतर एकच नोंद : 'चाकांमागचा चिखल धुतला.' त्यांच्या निधनानंतरची पाने कोरी होती. घसारा अटळ होता. गंज मात्र त्या कोऱ्या पानांचा होता.

कुंथलगिरीहून परतल्यावर नातवाने गाडी धुतली आणि पुढची नोंद स्वतःच्या अक्षरात केली.