मोशीचे तीन दिवस

ऊस कारखान्याला जायला अजून अवकाश आहे, तोवर पुणं करून यायचं ठरलं. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं. आमची सहल त्याच तारखा धरून. मागं आयत्या वेळी गेलो तर भोसरीत खोली मिळेना, म्हणून यंदा महिनाभर आधीच सांगून ठेवली. पहिला दिवस प्रदर्शनाचा, तोही सकाळी लवकर. गर्दी वाढली की ठिबकवाल्याशी नीट बोलता येत नाही. दुसरा आळंदीला, ती तिथून जवळच. तिसरा आईच्या तुळशीबागेचा. बारामतीचं कृषिक प्रदर्शन जानेवारीत घराजवळच असतं, उभं पीक बघायला मिळतं. पण आईला शहर दिसतं ते मोशीच्याच निमित्तानं. क्षारानं पांढरा पडलेला, ड्रिपर बुजलेला नळीचा तुकडा तिनं आत्ताच पिशवीत घातलाय. दाखवायला.