साष्टीची भटकंती : ठाण्याचा खंदक

शनिवार, २० डिसेंबर. वर्सोवा–मढ

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे रिक्षाने जेट्टी. फेरीबोटीत स्कूटर, मासळीच्या पाट्या आणि शूटिंगला निघालेली पोरं एकाच फळीवर. बरोबर मुलुंडचा भाचा आहे. त्याला किल्ला म्हटलं की चढण लागते. मढला चढण नाही, हे कळल्यावर निम्मा उत्साह धक्क्यावरच मावळला.

मढचा किल्ला म्हणजे जुन्या कागदांतला वेसाव्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधलेला, फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून तट बाहेरूनच पाहायचा. मासळी वाळत घालणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “कंची शिरेल हाय?” सिरियल नाही, नुसता किल्ला बघायला आलोय, म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

आजची तारीख मुद्दाम निवडली होती. २० डिसेंबर १७७४ ला ठाण्याच्या किल्ल्यावर इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. त्याच सुमारास कर्नल कीटिंगच्या हाताखाली एक वेगळी तुकडी इथे, वेसाव्यावर धाडली होती. इथल्या मराठी शिबंदीच्या वाट्याला इतिहासात जेमतेम एक ओळ आली. जिंकणाऱ्याने लिहिलेल्या लढाईत हरणाऱ्याला एवढीच जागा मिळते, आणि आपण तरी ती कुठे वाढवली?

रविवार, २१ डिसेंबर. बोरिवली

मंडपेश्वर. आयसी कॉलनीत नाताळचे कंदील लागलेत. लेण्यात शंकर, वर पोर्तुगीज मठाचे पडके अवशेष. इथे फार वेळ घालवला नाही. पण साष्टी बेटाचा सातबारा किती वेळा फिरला, हे एका टेकाडावर कळतं.

पोर्तुगीजांची आठवण इथे काढायला आणखी एक कारण आहे. मुंबई बेट इंग्रजांकडे, पण सायनच्या खाडीपलीकडचं सगळं मराठ्यांचं. साष्टी आणि वसई मिळावी म्हणून कंपनीने पुण्याकडे वर्षानुवर्षं लकडा लावला. १७७२ मध्ये मॉस्टिन नावाचा वकील त्यासाठीच पुण्यात बसवला. पुण्याने दाद दिली नाही. मग १७७४ च्या अखेरीस बातमी आली, की पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घ्यायला आरमार जमवताहेत. मुंबईच्या कौन्सिलला तेवढं निमित्त पुरलं.

शनिवार, २७ डिसेंबर. मुलुंड–ठाणे

सकाळी मुलुंड चेकनाक्यावरून चालत निघालो. एलबीएस रोडचा धूर खात चालण्यात काव्य अजिबात नाही. पण साष्टीच्या ईशान्य टोकाला हा किल्ला का, ते पायांना समजतं. खाडी धरली की बेटाचं दार धरलं.

कळव्याच्या पुलाकडे जाताना भाच्याला आकडे सांगितले. जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली ६२० गोरे, १००० देशी शिपाई, २०० गोलंदाजीचे खलाशी. पाण्यातून कमोडोर जॉन वॉटसनची जहाजं. आत मराठ्यांची शिबंदी आणि नुकतीच आलेली पाचशेंची कुमक.

“मामा, मग फरक फार नाही की!”

डोकी मोजली तर कदाचित नसेलही. पण तोफा, दारूगोळा आणि मागून येणारी रसद मोजली तर फार आहे. शिवाय ही गोष्ट पोवाड्यात बसेल अशी स्वच्छ नाही. किल्ला १ लाख २० हजार रुपयांना देण्याची बोलणी किल्लेदाराच्या बाजूनेच चालली होती. कुमक येऊन दाखल झाली आणि सौदा फिसकटला. म्हणजे किल्ला लढला तो वरच्यांच्या निष्ठेमुळे लढला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तटावर उभ्या राहिलेल्यांना या सौद्यातले किती रुपये मिळणार होते? ते लढले, एवढं खरं.

वेढ्याच्या तिसऱ्याच दिवशी वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. तोफांनी तटाला खिंडार पाडलं तरी पुढे खंदक होता. तो बुजवल्याशिवाय खिंडारापर्यंत पोचता येत नाही, आणि बुजवणारा वरच्या माऱ्यात उघडा पडतो. २७ तारखेच्या रात्री इंग्रजांनी तो प्रयत्न केला. शंभर गोरे गमावून त्यांना मागे फिरावं लागलं. ६२० पैकी शंभर, एका रात्रीत! शनिवारवाड्यापासून इतक्या दूर, धन्याचा पत्ता नसताना मिळवलेली ती रात्र होती. तिचं नाव कुठल्याही चौकाला दिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

रविवार, २८ डिसेंबर. ठाणे

किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. जॅक्सन वधाच्या खटल्यात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच १९ एप्रिल १९१० ला फाशी झाली. ती आठवण ठाणेकरांनी जपली आहे, ती जपलीच पाहिजे. १७७४ ची मात्र कोणी काढत नाही. फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरून बुरूज बघितले आणि समोरच्या टपरीवर कटिंग घेतला.

२८ च्या संध्याकाळी दुसरा हल्ला झाला आणि तो यशस्वी झाला. आत शिरल्यावर शिबंदीतली बहुतेक माणसं कापून काढली गेली. मला राहून राहून मे १७३९ ची वसई आठवते. तिथे तटाच्या आत पोर्तुगीज थोडे होते, बाहेर चिमाजी अप्पांची फौज मोठी. शरण आल्यावर पोर्तुगीजांना शस्त्रांसह, बायकामुलांसह जाऊ दिलं. वसईला तह झाला होता, ठाणं हल्ला करून घेतलं, हा फरक मान्य. तरी दोन्ही किल्ल्यांत अंतर एका खाडीचं आणि पस्तीस वर्षांचं.

“पुण्याहून मदत का नाही आली?” भाच्याने विचारलं. पुण्याचं घर फाटलं होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून, मग बारभाईंचं कारस्थान, एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेला तान्हा पेशवा आणि इंग्रजांचं दार ठोठावणारे राघोबादादा. ठाण्यात माणसं मरत असताना दादांची इंग्रजांशी बोलणी चालली होती. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी देऊनही टाकली. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी आली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर मुंबईच्या पदराला बांधली गेली ती तेव्हापासून.

१ जानेवारी १७७५ पर्यंत सगळी साष्टी पडली, बरोबर उरणचं करंजा बेटही. त्यामुळे पुढचा मुक्काम उरण. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. भाच्याची परीक्षा आहे, तो यायचा नाही म्हणतो.